कोठावळा बदलतांना

जुन्या देवस्थानांतून आणि मोठ्या वाड्यांतून कोठावळा बदलण्याचा प्रसंग गंभीर मानीत असत. धान्य तेंच, कोठार तेंच, कुलुपेंही तींच. बदलावयाचा तो केवळ किल्ल्या संभाळणारा मनुष्य. तरी त्या दिवशीं पोतीं मोजून घ्यावयाचीं, वह्या तपासावयाच्या आणि मगच जुन्या कोठावळ्यास निरोप द्यावयाचा, अशी रीत होती. कारण उघड आहे. कोठारांत काय आहे हें धन्यास जितकें ठाऊक असतें त्याहून अधिक कोठावळ्यास ठाऊक असतें. आणि तो जाऊं लागला म्हणजे आपल्या मालकीचें किती आणि त्याच्या डोक्यांत किती, याचा हिशेब प्रथमच डोळ्यांपुढें येतो. आमच्या घरीं नुकताच असा प्रसंग घडला. कोठार धान्याचें नव्हे, संगीताचें. आणि कोठावळा मनुष्य नव्हता, संगणकावर चालणारें एक सॉफ्टवेअर होतें. प्रसंग घरगुती आणि लहान. परंतु त्यांतून जे प्रश्न उभे राहिले ते आम्हांस अद्यापि लहान वाटत नाहींत, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों.

ज्यांस या प्रकाराचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. आमचे वडील बंधु अण्णा हे वरच्या मजल्यावर राहत असत. निवृत्तीनंतरचीं आठ-नऊ वर्षें त्यांनीं घरांतील ध्वनिमुद्रिका, कॅसेटी आणि सीडी संगणकांत उतरवून घेण्यांत घालविलीं. हा संग्रह त्यांनीं ‘फ्लॅक’ नांवाच्या स्वरूपांत ठेविला. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीचा गुण असा कीं, तींत फाइलीचा आकार बराच घटतो, पण मूळ ध्वनीचा एक कणही टाकून दिला जात नाहीं. कानास कळणार नाहीं असें म्हणून कांहीं भाग गाळण्याची जी सवलत एमपी-थ्री घेते ती ही पद्धति घेत नाहीं. अण्णांच्या स्वभावास तें शोभण्यासारखेंच होतें. जिन्याखालच्या कपाटांत एक लहानसा संगणक रात्रंदिवस चालूं असतो. त्यावरील सॉफ्टवेअर सर्व फायली वाचून त्यांची सूची तयार करतें आणि घरांतील कोणीही, कोणत्याही खोलींत बसून, फोनवर जें मागेल तें त्यास ऐकवितें. प्रत्येकाचें खातें निराळें. कोणीं काय ऐकलें, केव्हां ऐकलें, किती वेळां ऐकलें, कशावर आवडीची खूण केली, याची नोंद तेंच ठेवतें. यासच आम्ही कोठावळा म्हणतों.

अण्णा गेले त्यास दोन वर्षें होत आलीं. त्यांनीं निवडलेलें सॉफ्टवेअर त्यांच्या मागें तसेंच चालूं होतें. परंतु तें लिहिणाऱ्यांनीं त्याकडे पाहावयाचें सोडून दिलें होतें. दोष सांपडले तर दुरुस्त करणारें कोणी उरलें नव्हतें, आणि संगणकाची इतर व्यवस्था अद्ययावत केली कीं हा म्हातारा कोठें तरी अडून बसे. आमची कन्या, जी या विषयांत आमची गुरु आहे, एके दिवशीं म्हणाली, “बाबा, कुलूप जुनं झालं आहे. चोर येईपर्यंत वाट कशाला पाहायची?” आमचे एक स्नेही याहून पुढें गेले. मासिक वर्गणी भरली असतां लक्षावधि गाणीं घरबसल्या ऐकावयास मिळतात, मग हा खटाटोप हवा कशास, असें त्यांनीं विचारलें. त्यांस आम्हीं इतकेंच म्हटलें कीं, बाजारांत धान्य मुबलक मिळतें म्हणून कोणी शेतकरी आपलें बियाणें विकून टाकीत नाहीं. वर्गणीच्या दुकानांतील माल करार संपला कीं फळीवरून उतरतो. आणि १९७० नंतरच्या घरगुती बैठकींच्या ज्या कॅसेटी अण्णांनीं जपल्या त्या तर त्या दुकानांत कधीं आल्याच नाहींत.

तेव्हां बदल करावयाचा हें ठरलें. पण मनांत एक कांटा राहिला. अण्णांनीं निवडलेली वस्तु आपण मोडीत काढीत आहों, ही त्यांच्याशीं प्रतारणा नव्हे काय? एक मन म्हणे, यंत्रास निष्ठा कसली? जोडा फाटला तर आपण शोक करीत नाहीं. दुसरें मन म्हणे, जुनें तें सोनें. जोंवर चालतें तोंवर चालूं द्यावें. थोडा विचार केल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, हीं दोन्ही मनें एकच चूक करीत आहेत. बदलावयाच्या वस्तूंत काय काय सामावलें आहे हें पाहिल्याशिवायच दोघेंही निकाल देत आहेत. ‘मिलिन्दपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु मिलिंद राजास विचारतो कीं, ज्या रथांतून आपण आलां तो रथ कोणता? चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? कोणताही एक अवयव रथ नव्हे. अवयव एकत्र आले असतां आपण व्यवहारासाठीं त्यांस रथ हें नांव देतों, असा त्या संवादाचा रोंख आहे. आम्हीं तोच प्रश्न आमच्या संग्रहास विचारावयाचें ठरविलें. संग्रह म्हणजे नेमकें काय?

उत्तर नव्या कोठावळ्यानेंच दिलें. ‘नॅव्हिड्रोम’ नांवाचें एक मुक्त सॉफ्टवेअर कन्येनें त्याच संगणकावर बसविलें. त्याचा सोर्स कोड कोणासही वाचतां येतो, आणि मूळ फायली वाचावयाच्या, पण त्यांस हात लावावयाचा नाहीं, असा त्याचा नेम आहे. फायली जागच्या हलवाव्याही लागल्या नाहींत. कोठार कोठें आहे एवढें नव्या कारभाऱ्यास सांगितलें आणि चहा होईपर्यंत त्यानें सर्व फडताळें धुंडाळून आपली सूची मांडली. एकही स्वर हरवला नाहीं. आम्ही समाधानानें सूची पाहूं लागलों, तों जागोजाग ‘अज्ञात कलाकार’ अशी पाटी दिसूं लागली. जेथें गायकाचें नांव होतें तेथें तबलावादकाचें नव्हतें. राग नाहीं, ताल नाहीं, बैठकीचें गांव नाहीं, साल नाहीं. कोठार भरलेलें होतें, पण पोत्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या.

या चिठ्ठ्या हेंच अण्णांचें खरें काम होतें. त्यांचा एक सिद्धान्त असे: साथीदाराचें नांव गाळणें ही चोरी आहे. दोन तास ज्यानें लय संभाळली, ज्यानें पेटीवर गायकाच्या मागें सावलीसारखी सोबत केली, मागें बसून ज्या शिष्यानें तंबोरा धरला, त्यांचीं नांवें कागदावर न लिहिणें म्हणजे त्यांची मजुरी बुडविणें, असें ते म्हणत. जुन्या कॅसेटींच्या पाठीवरील पुसट अक्षरें भिंगाखालीं धरून, हयात असलेल्या श्रोत्यांस फोन करून, कधीं हाताच्या वळणावरून वादक ओळखून, ते एकेक नांव भरीत. आणि तें सर्व त्यांनीं भरलें तें जुन्या कोठावळ्याच्या पडद्यावर. तो पडदा तीं नांवें फाइलींत न लिहितां आपल्या स्वतंत्र वहींत लिहून ठेवीत होता. अण्णांस याची कल्पना नव्हती. आपण पोत्यावर लिहीत आहों अशा समजुतीनें ते कोठावळ्याच्या खासगी वहींत लिहीत होते.

यांत थोडा दोष काळाचाही आहे. फाइलीच्या पोटांत नांव लिहिण्याची सोय प्रथम फार तोकडी होती. १९९६ सालीं एमपी-थ्री फायलींसाठीं जी ‘आयडी-थ्री’ नांवाची चिठ्ठी निघाली तींत सगळी मिळून १२८ बाइटांची जागा होती. गाण्याच्या नांवास ३०, कलाकारास ३०, संग्रहाच्या नांवास ३०. मल्लिकार्जुन मन्सूर यांचें नांव रोमन लिपींत पंडित या उपपदासह लिहिलें कीं पंचवीस घरें भरतात. मग वादकांनीं जावें कोठें? ही चिठ्ठी ज्यांनीं आंखली त्यांच्या डोळ्यांपुढें तीन-चार मिनिटांचें गाणें, त्याचा एक गायक आणि त्याची एक तबकडी एवढेंच चित्र होतें. फ्लॅकची चिठ्ठी याहून उदार आहे. तींत हवे तितके रकाने पाडतां येतात. रकान्याचें नांव रोमन अक्षरांत द्यावें लागतें, पण आंतला मजकूर देवनागरींत लिहितां येतो. म्हणजे अण्णांची प्रत्येक नोंद फाइलीच्या पोटांतच राहूं शकली असती. सोय होती, कोठावळ्यानें ती वापरली नाहीं, आणि आम्हीं कोणीं ती मागितली नाहीं.

येथें आम्हांस भारतांतील ध्वनिमुद्रणाच्या आरंभींची एक गोष्ट आठवली. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग हे कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें. तबकडींत जेमतेम तीन मिनिटांची जागा. तेवढ्यांतही गाणें संपतां संपतां गौहर जान यांनीं आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारलें. पुढें कित्येक गायकांनीं तोच परिपाठ ठेविला. त्याचें कारण व्यावहारिक होतें. या तबकड्या जर्मनींत हॅनोवर येथें दाबून तयार होत. तेथील कारागिरांस हिंदी गाणें कोणाचें आहे हें कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. लेबल चिकटविण्यापूर्वीं स्वरांनींच स्वतःची ओळख सांगावी, अशी ती योजना होती. आज सव्वाशें वर्षांनंतर, लेबल फाटून गेलेली, वेष्टण हरवलेली तबकडी हातीं आली आणि सुई टेकविली, तरी नांव ऐकूं येतें. कंपन्या बदलल्या, दुकानें बदललीं, यंत्रें बदललीं. तें नांव कोणत्याही कोठावळ्याच्या हातीं नव्हतें, म्हणून तें कोणासही हरवितां आलें नाहीं.

याच्या उलट उदाहरण आमच्याच काळांतील आहे. सीडीवर बहुधा स्वर असतात, नांवें नसतात. १९९३ च्या सुमारास अमेरिकेंत कांहीं मंडळींनीं अशी युक्ति काढली कीं, तबकडीवर गाणीं किती आणि प्रत्येकाची लांबी किती यावरून ती तबकडी ओळखावी, आणि तिच्यावरील गाण्यांचीं नांवें एका सामाईक यादींतून आणावीं. यादी कोणीं केली? ज्यानें त्यानें. ज्याच्याजवळ तबकडी होती त्यानें वेष्टणावरचीं नांवें टंकून पाठविलीं, दुसऱ्यास तयार मिळालीं. ‘सीडीडीबी’ या नांवानें ही यादी वाढत गेली. पुढें ती एका कंपनीच्या हातीं गेली, २००० सालीं तिचें नांव ‘ग्रेसनोट’ झालें, आणि वापरावर व्यापारी अटी आल्या. २००८ सालीं सोनीनें ती कंपनी सुमारें २६ कोटी डॉलरांस विकत घेण्याचें जाहीर केलें. ज्या सहस्रावधि लोकांनीं फावल्या वेळांत नांवें टंकिलीं होतीं त्यांस त्यांतील एक कपर्दिकही मिळाली नाहीं. पण त्यांची तक्रार पैशाची नव्हती. आपण सार्वजनिक विहिरींत पाणी सोडीत आहों असें त्यांस वाटलें होतें. पुढें विहिरीभोंवतीं भिंत उभी राहिली.

सतराव्या शतकांतील इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें मालकीचें मूळ श्रमांत शोधलें. निसर्गांतील वस्तूंत मनुष्य आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची होते, असें त्याचें प्रतिपादन होतें. महाविद्यालयांत हा विचार शिकवितांना आम्हांस तो नेहमींच बळकट वाटत आला आहे. पण येथें तो अपुरा पडतो. नांवें टंकणाऱ्यांनीं श्रम मिसळले हें खरें. परंतु त्यांस मालकी नको होती. अण्णांसही नको होती. अमक्या बैठकींत तबल्यास कोण होतें ही माहिती ‘माझी’ आहे असें अण्णा म्हणाले नसते. ती त्या तबलजीची आहे, मी फक्त पोंचती करीत आहें, असें म्हणाले असते. यासाठीं लॉकच्या शब्दांपेक्षां आपल्या भाषेंतील एक जुना शब्द अधिक उपयोगी आहे. तो शब्द म्हणजे ठेव. ठेव देणाराची असते, घेणाराची होत नाहीं. आणि तरी घेणारानें तिच्यासाठीं जागत बसावयाचें असतें. ठेवीचा धर्म दोनच गोष्टींत आहे: मागेल तेव्हां परत द्यावी, आणि जशी दिली तशी द्यावी. ग्रेसनोटच्या प्रकरणानंतर या धर्मास अनुसरून कांहींनीं काम केलेंच. २००० सालीं सुरू झालेल्या ‘म्यूझिकब्रेन्झ’ या प्रकल्पानें आपल्या यादींतील मूळ माहिती सार्वजनिक करून टाकली आहे. कोणीही तिची संपूर्ण प्रत न्यावी. पुन्हां भिंत बांधण्याची बुद्धि कोणास झाली तरी पाणी आधींच घरोघर पोंचलेलें असेल.

कोठावळ्यांच्या जातींतही हा भेद दिसून येतो. ‘सबसॉनिक’ नांवाचें घरगुती संगीताचें सॉफ्टवेअर एके काळीं मुक्त होतें. २०१६ सालीं त्याच्या कर्त्यानें पुढील आवृत्त्यांचा सोर्स कोड प्रसिद्ध करणें थांबविलें. कर्त्याचा तो हक्क होता. परंतु आधींच्या मुक्त आवृत्तीवरून इतरांनीं नव्या शाखा काढल्या. आणि फोनवरील ऐकण्याचीं साधनें त्या सॉफ्टवेअरशीं ज्या भाषेंत बोलत, ती भाषा तर इतकी रुळली कीं नॅव्हिड्रोमही तीच बोलतें. म्हणून आमच्या फोनांवर कांहींच बदलावें लागलें नाहीं. २०१८ सालीं ‘एम्बी’ या सॉफ्टवेअरनें दार लावून घेतलें तेव्हां त्यांतून ‘जेलीफिन’ निघालें, त्याचीही कथा अशीच. यावरून आम्ही असें अनुमान काढतों कीं, चांगल्या कोठावळ्याची परीक्षा तो कामावर असतांना होत नाहीं. तो जातांना काय बरोबर नेतो आणि काय मागें ठेवतो यावरून होते. आणि धन्यानेंही नोकरींत घेतांनाच त्यास विचारलें पाहिजे: उद्यां तूं गेलास तर माझ्या हातीं काय राहील?

सुदैवानें आमच्या जुन्या कोठावळ्याची वही अगदीं बंद नव्हती. कन्येनें ती उघडली, अण्णांच्या नोंदी वेगळ्या काढल्या, आणि दोन संध्याकाळीं खपून एक लहानसा प्रोग्राम लिहिला. त्यानें प्रत्येक नांव ज्याच्या त्याच्या फाइलींत, ज्याच्या त्या रकान्यांत लिहून टाकलें. नव्या सूचींत तबलजी परत आले, पेटीवाले आले, तंबोऱ्यावरचे शिष्य आले. यापुढें कोठावळे किती येवोत, किती जावोत. अण्णांची मजुरी पोत्यावरच लिहिलेली आहे. ही गोष्ट येथेंच संपती तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

त्याच वहींत दुसरीं पानें होतीं. कोणीं काय किती वेळां ऐकलें त्याचीं. कन्या विचारती झाली, “बाबा, हे आंकडेही नेऊं या का? अण्णाकाकांचं खातंही आहे यांत.” आणि आम्ही उत्तर देण्यापूर्वींच पडद्यावर अण्णांचें पान उघडलें. सर्वांत अधिक वेळां ऐकलेलें सर्वांत वर. अण्णांचे आवडते गायक कोण हें आमच्या ओळखीच्या प्रत्येकास ठाऊक होतें. त्यांच्यावरून वाद घालण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. त्यांपैकीं एकाचेंही नांव वर नव्हतें. वर होता एक नुसता तंबोरा. काळी एकच्या पट्टींत, अर्धा तास वाजणारा. त्यावर गाणें नाहीं, गायक नाहीं. वेळ बहुधा पहांटे साडेचारच्या मागें-पुढें. दुसऱ्या क्रमांकावर जें गाणें होतें त्याच्या कित्येक पट हा आंकडा होता.

प्रथम आम्हांस वाटलें, म्हातारपणीं झोंप नसे, तंबोऱ्याच्या नादानें डोळा लागत असेल. मग आठवण झाली. सतराव्या वर्षापर्यंत अण्णा गाणें शिकत होते. वडील गेले, आम्ही धाकटे होतों, अण्णा नोकरीस लागले. आणि त्या दिवसापासून आम्हीं त्यांस गातांना ऐकलें नाहीं. कोणी आग्रह केला तर ते हंसून म्हणत, “आम्ही तानसेन नव्हे, कानसेन.” सबंध घरानें तें खरें मानलें होतें. पहांटे साडेचार ही झोंपण्याची वेळ नव्हे, खर्ज लावण्याची वेळ आहे.

आम्हीं तें पान मिटलें. परंतु जें वाचलें तें वाचलें नाहीं असें करतां येईना. आमचा व्यवसाय जुने कागद वाचण्याचा. एखाद्या कवीचें खासगी पत्र सांपडलें तर आम्ही आनंदानें तें छापवितों, आणि नाश करणाऱ्यास दोष देतों. त्या न्यायानें पाहिलें तर हा आंकडा म्हणजे आमच्या बंधूंच्या चरित्रांतील सर्वांत मोलाचा कागद. तो जपणें हेंच कर्तव्य. पण आमच्या मनांत दुसराही विचार येऊं लागला. साथीदारांचीं नांवें अण्णांनीं दुसऱ्यांसाठीं लिहिलीं. तीं पोंचावीं ही त्यांची इच्छा होती. तंबोरा त्यांनीं लावला तो कोणी पाहत नाहीं म्हणून लावला. पहिली ठेव होती. दुसरी ठेव नव्हती, कारण ती त्यांनीं कोणाच्या स्वाधीन केलीच नव्हती. कोठावळ्यानें ती न विचारतां उचलून वहींत लिहिली होती. जें कोणीं आपणांस दिलें नाहीं तें आपण जपीत आहों असें म्हणणें म्हणजे न दिलेलें घेणेंच होय. मग त्यास प्रेमाचें नांव द्या किंवा संशोधनाचें.

निर्णय आमचा एकट्याचा नव्हता. आम्ही वर जाऊन वहिनींपुढें सर्व सांगितलें. संकोच वाटला, पण सांगितलें. त्या निवडीत असलेली भाजी तशीच हातांत धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, मला काय सांगतां? आधीं ती विजेवरची तंबोऱ्याची पेटी होती. ती बिघडली तेव्हां हें आलं. त्याच्याही आधीं नुसतेच, दार लावून, अगदीं हळू. मी जागीच असायची.” आम्हीं विचारलें, “त्यांना ठाऊक होतें?” त्या म्हणाल्या, “मी जागी आहे हें मी त्यांना कधीं कळूं दिलं नाहीं. कळलं असतं तर थांबले असते.”

यावर बोलण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें. आमच्या सूक्ष्म भेदांस जें दोन दिवस लागले तें ही बाई चाळीस वर्षें, अंथरुणावर पडल्या पडल्या, आचरीत आली होती. कोठावळ्याच्या वहींत आंकडा होता; पण तो पेटी बिघडल्यानंतरचा, म्हणजे अर्ध्याहून कमी हकीकत सांगणारा, आणि ज्याचा अर्थ लावावयास आम्हांस सतराव्या वर्षाची आठवण काढावी लागली असा. वहिनींजवळ आंकडा नव्हता. सर्व हकीकत होती, आणि ती कोणासही न सांगण्याचा विवेक होता. स्मरण ठेवणें आणि नोंद ठेवणें या दोन क्रियांस आपण हल्लीं एकच समजूं लागलों आहों. नोंद कोणत्याही कोठावळ्याकडून दुसऱ्याकडे नेतां येते. स्मरण नेतां येत नाहीं. तें ज्यानें जागून मिळविलें त्याच्याजवळच राहतें, आणि त्याच्याबरोबर जातें. जातें म्हणून तें कमी प्रतीचें ठरत नाहीं.

वहिनींच्या संमतीनें आम्हीं अण्णांच्या खात्याचे आंकडे नव्या ठिकाणीं नेले नाहींत आणि जुन्या वहींतूनही पुसून टाकले. आम्हीं योग्य केलें अशी आमची पुरी खात्री आहे काय? नाहीं. पन्नास वर्षांनीं या घरांत एखादा गाणारा मुलगा जन्मास आला, तर आपल्या पूर्वजांपैकीं एक पहांटे उठून गात असे, हें त्यास कळणें मोलाचें ठरलें असतें. या विचारानेंच हा लेख लिहिण्याची परवानगी आम्हीं वहिनींस मागितली. त्या म्हणाल्या, “लिहायचं तर लिहा. आतां त्यांना थांबवायला कोण आहे? पण किती वेळां तें लिहूं नका. तें मोजायला कोणी बसलं नव्हतं.” म्हणून तो आंकडा येथें दिलेला नाहीं; दिलेला नसतांना त्याची उणीव भासत नाहीं, असें वाचकांसही वाटेल अशी आशा आहे.

नवा कोठावळाही मोजतो. तो त्याचा धर्मच आहे. आम्हीं घरांत एवढाच नियम घातला कीं, दुसऱ्याचें पान कोणीं उघडूं नये. आणि ज्या वाचकांच्या घरीं असे कोठावळे असतील, मग ते संगीताचे असोत, छायाचित्रांचे असोत वा पत्रांचे, त्यांस आमची विनंति आहे कीं, बदलण्याची वेळ येण्यापूर्वींच एकदां आपली पोतीं पाहून घ्यावीं. दुसऱ्यांच्या श्रमाचीं नांवें पोत्यावर आहेत कीं कोठावळ्याच्या वहींत? वहींत असतील तर आजच पोत्यावर उतरवून घ्यावीं. आणि वहींत असें कांहीं लिहिलेलें आहे काय, जें लिहावयास कोणीं सांगितलेंच नव्हतें?

शेवटीं नांवें भरतांना ती तंबोऱ्याची फाइल आली. रकाने पाडलेले होते: राग, ताल, साथ, गायक. कन्येनें विचारलें, “बाबा, इथं गायक कोण लिहूं?” आम्ही म्हणालों, “तें रिकामें असूं दे.” तिनें तें रिकामें ठेविलें आणि पुढची फाइल उघडली.